फोटोत दागिन्याभोवती पांढरा धूर दिसतोय? कॅमेरा घेण्याआधी हे वाचा



नवरात्राला दहा-बारा दिवस होते. आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा दुपारी फोन आला. त्या घरूनच इमिटेशन ज्वेलरी विकतात. ठुशी, नथ, मोत्याच्या बांगड्या, खड्यांचे कानातले असा माल.

"सर, पटकन एक सांगा. कॅमेरा कोणता घेऊ? दुकानातच उभी आहे."

मी म्हटलं, "ताई, कशासाठी ते तर सांगा आधी."

"अहो, फोटोच धड येत नाहीत. प्रत्येक खड्याभोवती पांढरा धूर दिसतो. गिऱ्हाईक विचारतं, पॉलिश गेलेला माल आहे का? काल एकीने पक्की झालेली ऑर्डर कॅन्सल केली. इथे बावन्न हजारांत लेन्ससकट मिळतोय, हप्ते पण करून देतात."

मी त्यांना एवढंच सांगितलं, "आज सही करू नका. घरी जा, आणि एडिट न केलेले चार फोटो मला डॉक्युमेंट म्हणून पाठवा." (व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो, बारीक दोष कळत नाहीत. म्हणून डॉक्युमेंट.)

मी इतक्या ठामपणे का बोललो? कारण चार वर्षांपूर्वी हीच चूक मी करून बसलोय. माझं भांड्यांचं दुकान. पितळी समया, निरांजनं, तांब्याचे हंडे यांचे फोटो काढले की चकाकणाऱ्या जागी पांढरा डाग आणि त्याभोवती उजेडाचा फेर. मला वाटलं मोबाईलचा दोष. कॅमेरा घेतला, घरी आणला, त्याच टेबलावर, त्याच ट्यूबलाईटखाली समईचा फोटो काढला. फेर तसाच. फरक एवढाच की आता तो जास्त स्पष्ट दिसत होता! दोष उजेडात होता आणि पैसे मी कॅमेऱ्यावर घातले होते.

म्हणून आजचा विषय. हा फेर येतो कुठून, आपला नेमका कोणता हे ओळखायचं कसं, आणि पैसे न घालता तो घालवायचा कसा.

आधी हिशेब

ताईंना एका नगामागे सगळा खर्च जाऊन सरासरी ऐंशी रुपये सुटतात. बावन्न हजार भागिले ऐंशी म्हणजे साडेसहाशे नग. म्हणजे पुढचे साडेसहाशे नग विकेपर्यंत त्या फक्त कॅमेऱ्यासाठी राबणार, व्याज वेगळंच. आणि एवढं करून धूर गेला नाही तर? माझा नव्हता गेला.

धंद्यात एक नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पैसा कारणावर खर्च करायचा, लक्षणावर नाही. फोटोतला धूर हे लक्षण आहे. कारणं चार-पाच असू शकतात आणि त्यातली बहुतेक फुकटात जातात.

हा फेर येतो कुठून?

पावसाळ्यात रात्री हायवेवर गाडी चालवली असेल तर तुम्हाला अर्धं उत्तर माहीत आहे. समोरची काच स्वच्छ असेल तर येणाऱ्या ट्रकचे दिवे दोन ठिपके दिसतात. तीच काच मळलेली असेल तर सगळी काच पांढरी होते, रस्ताच दिसत नाही. ट्रक तोच, दिवे तेच. मधल्या काचेवर उजेड विखुरला, एवढंच. मोबाईलच्या लेन्सवर हेच होतं.

पहिलं कारण, मळलेली लेन्स. मोबाईल दिवसभर हातात, खिशात, ओट्यावर. बोटांचा तेलकटपणा लेन्सवर बसतो. साध्या उजेडात कळत नाही, पण समोर खडा, दिवा किंवा चकचकीत स्टील आलं की तेलाच्या त्या पातळ थरावर उजेड पसरतो आणि फेर तयार होतो.

दुसरं कारण, लेन्सच्या आतली परावर्तनं. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो. लेन्समध्ये अशी अनेक भिंगं असतात, त्यामुळे तो उजेड आतल्या आत टोलवला जातो आणि फोटोवर पांढरट पडदा येतो. १९३५ मध्ये जर्मनीतल्या झाइस कंपनीत काम करणाऱ्या स्माकुला या शास्त्रज्ञाने भिंगावर अतिशय पातळ थर देऊन हे परावर्तन कमी करण्याची पद्धत काढली. आजच्या लेन्सवर असे थर असतातच. पण आपण काय करतो? त्या चांगल्या लेन्सवर बाजारातून आणलेला 'लेन्स प्रोटेक्टर' चिकटवतो. म्हणजे स्वस्त काचेचे दोन जादा पृष्ठभाग आपणच वाढवतो!

तिसरं कारण, जास्त उजेड. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाखो बारीक कप्पे असतात. प्रत्येक कप्पा म्हणजे उजेड साठवणारी वाटी समजा. वाटी भरली की त्यापुढे त्या जागी फक्त पांढरा रंग, बारकावा संपला. नेहमीच्या जेपीईजी फोटोत हे मोजमाप ० ते २५५ असं असतं. २५५ ला टेकलं की खडा आहे की आरसा, फोटोला कळत नाही. जुन्या सीसीडी सेन्सरमध्ये तर भरलेल्या वाटीतून शेजारच्या वाटीत सांडायचं आणि दिव्यातून उभी पांढरी रेघ निघायची. आजच्या मोबाईलमधल्या सीमॉस सेन्सरमध्ये ते सांडणं जवळपास राहिलेलं नाही. पण फोटो जितका जास्त उजळ घ्याल, तितका लेन्समध्ये विखुरलेला अंधुक उजेडही वर येतो आणि फेर मोठा दिसतो.

चौथं कारण, मोबाईलची आणि ॲपची 'हुशारी'. शार्पनेस वाढवला की ॲप कडेच्या एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला उजळ करतं. प्रमाणात केलं तर फोटो टवटवीत दिसतो. जास्त झालं की वस्तूभोवती पांढरी रेघ उमटते. एचडीआर आणि बॅकग्राउंड ब्लर करतानाही अशी कड येते, विशेषतः नथीच्या तारेसारख्या बारीक वस्तूला.

पाचवं कारण फोटोत नसतंच, ते स्क्रीनमध्ये असतं. त्याकडे शेवटी येतो.

आपला फेर कोणता? पाच मिनिटांची तपासणी

हाच क्रम ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

१. वस्तू, उजेड, जागा काही न हलवता एक फोटो काढा. मग लेन्सवर हलकी वाफ सोडा, चष्म्याच्या मऊ कापडाने पुसा आणि तोच फोटो पुन्हा काढा. जेवढ्या लेन्स आहेत तेवढ्या सगळ्या पुसा. पदराने किंवा शर्टच्या टोकाने नको, कापडातल्या धुळीने चरे पडतात. काच पुसायचा स्प्रे थेट मोबाईलवर मारू नका.

२. प्रोटेक्टर असेल तर काढून एक फोटो. फ्लॅश वापरत असाल तर कव्हर काढूनही एक फोटो काढा. पांढऱ्या किंवा पारदर्शक कव्हरच्या कडेवरून फ्लॅशचा उजेड लेन्समध्ये शिरतो.

३. उन्हात बघताना आपण कपाळावर हात धरतो तसा लेन्सच्या वर किंवा बाजूला हात धरा. हात फोटोत येऊ देऊ नका. धूर कमी झाला तर समजा की खिडकीचा किंवा बल्बचा उजेड थेट लेन्सवर पडतोय. जागा बदला.

४. स्क्रीनवर वस्तूवर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल. शेजारी सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी दिसेल, ती थोडी खाली ओढा. फेर लहान झाला आणि खड्याचे पैलू दिसायला लागले, तर उजेड जास्त होता.

५. मूळ फोटो आणि एडिट केलेला फोटो मोठा करून शेजारी ठेवा. मऊ, पसरट धूर असेल तर दोष लेन्सचा किंवा उजेडाचा. कडेला चिकटलेली सरळ पांढरी रेघ असेल तर दोष एडिटिंगचा.

ताईंच्या चार फोटोंत काय निघालं? दोन फोटो सगळेच्या सगळे धुरकट. मागे खिडकी आणि लेन्सवर सहा महिने जुना, चरे पडलेला प्रोटेक्टर. तिसऱ्यात खडे पूर्ण पांढरे, कारण मोबाईलने काळ्या मखमलीकडे बघून फोटो उजळ केला होता. चौथ्यात फक्त लेन्स मळलेली. आणि गिऱ्हाइकांना पाठवलेल्या फोटोंवर वरून ॲपचा शार्पनेस शंभर टक्के! म्हणजे धूर घालवायला त्या शार्पनेस वाढवत होत्या आणि धुराला वरून पांढरी रेघ मिळत होती.

चकाकणारा माल कसा ठेवायचा?

स्टील, पितळ, खडे, काच यांच्याबाबत एक गोष्ट लक्षात घ्या. तुम्ही वस्तूचा फोटो काढत नाही, वस्तूत जे दिसतंय त्याचा काढता. स्टीलचा डबा म्हणजे गोल आरसाच. समोर उघडा बल्ब असेल तर डब्यात छोटा, डोळे दिपवणारा ठिपका येणार. समोर मोठा, मऊ उजेड असेल तर डब्यावर रुंद, शांत चमक येणार. फेर त्या ठिपक्याभोवती होतो, शांत चमकेभोवती नाही.

म्हणून उजेड मोठा आणि मऊ करा. सकाळी थेट ऊन न येणारी खिडकी निवडा, तिच्यावर पांढरं पातळ सुती कापड किंवा बटर पेपर लावा. टेबल खिडकीच्या बाजूला घ्या, खिडकी वस्तूच्या मागे नको. दुसऱ्या बाजूला पांढरा कार्डशीट उभा करा म्हणजे सावली मऊ होते. घरातले बाकीचे दिवे बंद. रिंगलाईट कपड्यांना, चेहऱ्याला चालतो, पण पितळी तांब्यात तो अख्खी पांढरी बांगडी होऊन दिसतो.

स्टीलची कड पांढऱ्यात हरवत असेल तर वस्तूच्या दोन्ही बाजूंना, फोटोत येणार नाहीत अशा बेताने, काळे कार्डशीट उभे करा. कडेला गडद रेघ येते आणि भांड्याचा आकार उठून दिसतो. मी आज दुकानात हेच करतो. माझा 'स्टुडिओ' म्हणजे दोन कार्डशीट, बटर पेपर आणि कपडे वाळत घालायचे चिमटे.

आता बॅकग्राउंड. अगदी काळ्या मखमलीवर पांढरा खडा ठेवला की थोडासा धूरही उठून दिसतो, शिवाय काळं बघून मोबाईल फोटो उजळ करतो. राखाडी, मातकट किंवा गडद हिरवं कापड जास्त सोपं. पांढऱ्याचीही एक गंमत आहे. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोला शुद्ध पांढरं बॅकग्राउंड लागतं, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५. मग लोक मागच्या कागदावर भरपूर उजेड मारतात, तो उजेड पुढे येऊन वस्तूच्या कडा खातो. उपाय सोपा आहे. वस्तू आणि मागचा कागद यांत हात-दीड हात अंतर ठेवा, कागद जेमतेम पांढरा होईल एवढाच उजेड द्या, बाकीचं काम नंतर एडिटिंगमध्ये करा.

पणत्या आणि समयांसाठी वेगळं. सगळे दिवे घालवून मिट्ट अंधारात पेटती पणती काढली की ज्योतीच्या जागी पांढरा गोळाच येतो. खोलीत संध्याकाळचा थोडा उजेड असू द्या, फोकस ज्योतीवर लॉक करा, पट्टी खाली ओढा. ज्योत आणि पणती दोन्ही दिसतील.

सगळाच ग्लो वाईट नसतो

ज्योतीभोवतीचा थोडा फेर डोळ्याला गोड वाटतो. जुन्या फिल्ममध्ये उजेड फिल्मच्या आरपार जाऊन मागून परत यायचा आणि दिव्याभोवती तांबूस वलय उमटायचं. त्याला हॅलेशन म्हणतात. ते रोखायला फिल्मच्या मागे खास काळा थर देत असत. आज सिनेस्टिल ८००टी ही फिल्म लोक मुद्दाम घेतात, कारण तिच्यात तो थर नसतो आणि रात्रीच्या दिव्यांभोवती लाल वलय येतं. सिनेमावालेसुद्धा मऊ उजेडासाठी लेन्सवर फिल्टर लावतात.

मग फरक कुठे? दिवाळीच्या शुभेच्छांच्या फोटोत ग्लो चालेल. विक्रीच्या फोटोत गिऱ्हाईक माल बघून पैसे देतं, तिथे माल जसा आहे तसाच दिसला पाहिजे. हे उलट बाजूनेही खरं आहे. धूर घालवायला ॲपमधलं डीहेझ, कॉन्ट्रास्ट ताणत बसलात तर साधा पॉलिश केलेला हार अस्सल सोन्यासारखा दिसायला लागतो. ऑर्डर येईल, पार्सल उघडेल, आणि परत येईल. जाण्याचं कुरिअर तुमचं, येण्याचंही बहुतेक तुमचंच, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा तुमचा मेसेज उघडणार नाही. धुरकट फोटो एक ऑर्डर घालवतो, खोटा फोटो माणूस घालवतो.

दुकानाचा बोर्ड आणि स्क्रीन

दुकानाच्या एलईडी बोर्डचा रात्रीचा फोटो गूगल मॅपवर टाकलेला असतो आणि त्यात नावाच्या जागी नुसता पांढरा झोत! नाव वाचताच येत नाही, मग तो फोटो कशाला? सूर्य मावळल्यावर वीस-तीस मिनिटांत फोटो काढा. आकाशात अजून निळा उजेड असतो, बोर्ड आणि भिंत यांच्यातला फरक कमी असतो. फोकस अक्षरांवर लॉक करून पट्टी खाली. बोर्डला डिमर असेल तर रात्री उजेड कमीच ठेवा. डोळे दिपवणारा बोर्ड माणसालाही वाचता येत नाही.

आता ते पाचवं कारण. नाश्त्याच्या सेंटरवाल्यांनो, मेन्यूसाठी टीव्ही लावताय ना? काळ्या बॅकग्राउंडवर पांढरी अक्षरं टाकली आणि अक्षरांभोवती धुरकट फेर दिसला तर फाईलमध्ये चूक शोधत बसू नका. एलसीडी टीव्हीत पडद्यामागे दिवे असतात. काही टीव्ही ते दिवे भागाभागाने मंद-तेज करतात. अक्षर लहान आणि दिव्याचा भाग मोठा, म्हणून उजेड अक्षराबाहेर सांडतो. ओलेड टीव्हीत प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, तिथे हा प्रकार नाही. पण त्यावर तोच मेन्यू दिवसभर ठेवला तर अक्षरांची छाप कायमची राहू शकते, आणि तो महागही पडतो. तेव्हा टीव्ही बदलू नका, डिझाइन बदला. काळ्याऐवजी गडद तपकिरी किंवा निळं बॅकग्राउंड, पांढऱ्याऐवजी फिकट पिवळी अक्षरं, ब्राइटनेस कमी आणि 'विविड' मोड बंद.

आणि एक गोष्ट धंद्याबाहेरची, पण सांगतोच. कॅमेरा नाही, स्क्रीन नाही, नुसत्या डोळ्यांनीच दिव्याभोवती वलय दिसत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. चष्म्याचा नंबर असेल, मोतीबिंदूही असू शकतो. अचानक दिसायला लागलं आणि डोळा दुखतोय, लाल झालाय, तर त्याच दिवशी जा.

मग कॅमेरा कधी घ्यायचा?

घ्यायचाच नाही असं मी म्हणत नाही. लेन्स स्वच्छ, उजेड मऊ, फोकस लॉक, एडिटिंग बेताचं, हे सगळं करूनही जे दाखवायचंय ते मोबाईलमध्ये येत नसेल, आणि फोटोंमुळे किती ऑर्डरी अडतात हे तुमच्या वहीत लिहिलेलं असेल, तेव्हा घ्या. वहीत आकडा नसेल तर अजून वेळ आलेली नाही. माझा कॅमेरा कपाटात आहे. कुणाला शिकायला हवा असेल तर बॅचमध्ये घेऊन येतो, तेवढाच त्याचा उपयोग.

ताईंनी दोन सकाळी घालवून चौसष्ट नगांचे फोटो पुन्हा काढले. खर्च एकशे दहा रुपये, कार्डशीट, बटर पेपर आणि चष्म्याचं कापड धरून. धंदा दुप्पट झाला वगैरे मी सांगणार नाही, तसं काही झालेलं नाही. पण "पॉलिश गेलंय का?" हा प्रश्न बंद झाला. ज्या बाईने ऑर्डर कॅन्सल केली होती तिला त्यांनी नवीन फोटो पाठवला, खाली एवढंच लिहिलं, "ताई, माल तोच आहे, आधीचा फोटो मी नीट काढला नव्हता." तिने ठुशी घेतली. आणि नवरात्रात माल भरायला ताईंच्या हातात पैसे मोकळे होते, हप्त्यात अडकले नव्हते. मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तुमचं आजचं काम छोटं आहे. हे वाचून झालं की लेन्स पुसा, तुमच्या सगळ्यात चकाकणाऱ्या वस्तूचे पुसण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी ठेवा. बघा काय दिसतंय. कार्डशीट कसे उभे करायचे ते व्हिडिओत दाखवलंय.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही लिहीत राहा.